सरवदे बाईंची फेरतपासणी

सरवदे बाईंबरोबर प्रवासाला जाऊ नका, असं मी ओळखीच्या सगळ्यांना बजावून सांगत असे. आता सांगायची गरज उरलेली नाही, कारण बाई जाऊन दीड वर्ष झालं. पण त्यांच्याबरोबरच्या त्या सात दिवसांचा विषय निघाला, की माझं डोकं अजूनही तापतं. सोलापूरहून गाडीनं निघून थेट राजस्थानच्या वाळवंटात गेलो, बसून बसून कंबरेचे तुकडे पडले, आणि जैसलमेर शंभर किलोमीटरवर राहिलं असताना बाईंनी गाडी मागं वळवायला लावली. किल्ला नाही, उंट नाही, वाळूत उभं राहून काढलेला एक फोटोसुद्धा नाही. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, काय पाहिलंत? मी म्हणालो, बाजरी.

बाई आणि मी सोलापुरातल्या एकाच शाळेत वीस वर्षं शिकवायला होतो. त्या भूगोल शिकवायच्या, मी गणित. ठेंगणी मूर्ती, कडक इस्त्रीची सुती साडी, उन्हाळा असो की हिवाळा, हातात काळी छत्री. पर्समध्ये लाल पेन. हे पेन फक्त उत्तरपत्रिकांसाठी असतं असा इतरांचा समज असतो, बाईंचा नव्हता. लग्नाची पत्रिका आली की आधी त्यातल्या चुकांवर गोल व्हायचे आणि मग बाई लग्नाला जायच्या, जाताना ती पत्रिका सोबत घेऊन. वधूपित्याला आहेराबरोबर तीही मिळायची. सात रस्ता चौकातल्या एका हॉटेलात त्यांनी मेनूकार्ड तपासून मालकाच्या हातात ठेवलं होतं. मालकानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि चहा आमच्याकडून, असं म्हणाला. बाईंनी चहाचे पैसे दिलेच, वर त्याला म्हणाल्या, "चहा राहू द्या, पुढच्या वेळी छापताना दाखवून घ्या."

"तपासलंय का?" हे त्यांचं पालुपद. स्टाफरूममध्ये कुणी नुसतं म्हणालं की आज ऊन फार आहे, तरी बाई मान वर करून विचारायच्या, "तपासलंय का?" एकदा डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब जास्त निघाला म्हणून सांगितलं. बाई म्हणाल्या, "आधी तुमचा मोजा बघू. मशीन बरोबर आहे का कळू दे." डॉक्टर बिचारे त्यांचेच जुने विद्यार्थी. त्यांनी मुकाट्यानं बाही वर केली. त्यांचा बाईंपेक्षा जास्त निघाला आणि पुढचा अर्धा तास बाई त्यांना मीठ कमी करायला सांगत बसल्या. बाहेर पेशंटची रांग लागली होती आणि त्या रांगेत मी होतो.

पण मला त्यांचा खरा राग आला तो उत्तरपत्रिकांवरून. बाई दुसऱ्यांच्या पेपरांचीही बेरीज करून बघत. एका वर्षी माझ्या गणिताच्या पेपरात त्यांना एका मुलीला एक मार्क कमी दिलेला सापडला. निकाल लागून गेला होता, मे महिना चालू होता. मी म्हणालो, शाळा उघडली की सांगतो तिला. बाई म्हणाल्या, "माने, चूक तुम्ही केली आणि वाट तिनं बघायची?" मला त्या मुलीच्या घरी जावं लागलं. भर दुपारी, सोलापूरच्या मे महिन्यात, पत्ता विचारत विचारत. ती मुलगी पास झालेलीच होती, तिला त्या मार्काचं काही पडलेलं नव्हतं. तिच्या आईनं मला पाणी दिलं आणि मला ऊन लागलं असावं असं समजून तासभर बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "सांगितलं का? समोर उभं राहून सांगितलं ना?" मी हो म्हणालो आणि मनातल्या मनात त्यांना काय काय म्हणालो ते इथं लिहीत नाही.

अशा बाईंच्या हातून एक मोठी चूक झाली होती, आणि ती झाली तेव्हा मी शेजारच्या वर्गात होतो.

बाई धड्यांच्या टिपणी स्वतः तयार करून वर्गात उतरवून द्यायच्या. त्या टिपणीवर मुलं पास होत, त्या वह्या धाकट्या भावंडांकडे जात, इतका त्यांचा दबदबा होता. वाळवंटाच्या टिपणीत बाईंचं एक वाक्य होतं, 'वाळवंटात शेती होत नाही.' सातवीच्या परीक्षेत त्यांनी त्यावर तीन मार्कांचा प्रश्न काढला, वाळवंटात शेती का होत नाही, कारणे द्या. सगळ्या वर्गानं टिपणीतली कारणं दिली. दत्ता नावाच्या एका मुलानं लिहिलं, 'होते. बाजरी होते. माझ्या आबाने बघितली आहे.' आबा म्हणजे दत्ताचा बाप, ट्रक चालवायचा. मूळचा करकंबचा, पण तेव्हा कामासाठी सोलापुरात खोली घेऊन राहिलेला. बाईंनी शून्य दिलं, आणि वर्गात मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी आबा शाळेत आले. भांडायला नाही, हातात टोपी घेऊन वर्गाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, पोरगं खोटं लिव्हत न्हाय. म्या सोता बगितलीया. वाळूतच उगवती. गाडी थांबवून बगितलीया." बाई म्हणाल्या, ट्रकच्या काचेतून भूगोल कळत नाही. आबा म्हणाले, पर बाई, म्या खाली उतरून... त्यांना पुढं बोलू न देता बाईंनी विचारलं, "तुम्हाला वाचता येतं का?"

वर्ग गप्प झाला. भिंतीपलीकडे माझाही वर्ग गप्प झाला. आबा म्हणाले, "न्हाय," आणि टोपी घालून निघून गेले.

बाई ते विसरल्या असाव्यात. मी विसरलो होतो हे नक्की. पुढं तीस वर्षं गेली, आम्ही दोघं रिटायर झालो, दत्ता मोठा होऊन भाड्याची गाडी चालवायला लागला, त्याचा स्टँडही सात रस्त्याजवळच. आबा म्हातारपणी करकंबला परत गेले. आणि एका सकाळी सात वाजता बाई छत्री घेऊन माझ्या दारात उभ्या. चेहरा उतरलेला. आल्या आल्या म्हणाल्या, "माने, मी एका माणसाला खोटं पाडलं हो."

झालं होतं असं, की शेजारच्या एका मुलीनं त्यांना मोबाईलवर व्हिडिओ दाखवला होता. राजस्थान, वाळूच्या टेकड्या, आणि त्यांच्या उतारावर बाजरीचं पीक. बाईंनी तो आठ वेळा बघितला होता आणि रात्री जेवल्या नव्हत्या.

मी त्यांना धीर दिला. मला वाटलं, सोपी गोष्ट आहे. म्हणालो, आबा करकंबला आहेत, दोन तासांचा रस्ता. आज दुपारी जाऊ, चुकलं म्हणून सांगू, चहा पिऊन संध्याकाळी परत. त्यावर बाईंनी माझ्याकडे, मी पाढा चुकल्यासारखं बघितलं.

"काय सांगू त्यांना? मोबाईलवर दिसलं म्हणून तुमचं खरं? त्या माणसानं डोळ्यांनी बघितलं होतं. मी न बघता त्याला चूक दिली. आता न बघताच बरोबर देऊ?"

"मग?"

"मग काय. जाऊन बघायचं."

मी खूप समजावलं. तुमचं वय एकाहत्तर, गुडघे गेलेले. जायचंच तर रेल्वेनं जा. तर म्हणे, रेल्वेतून मध्ये उतरता येत नाही, आबा रस्त्यानं गेले होते, मी रस्त्यानंच जाणार. गाडी कुणाची? दत्ताची. दत्ताला काय सांगायचं? काही नाही सांगायचं, तपासून झाल्याशिवाय उत्तर बरोबर म्हणायचं नाही. आणि तुम्ही सोबत चला, कारण त्या दिवशी तुम्ही ऐकलं होतं. मी हात टेकले. खरं सांगायचं तर जैसलमेरचा किल्ला बघायची माझी फार दिवसांची इच्छा होती, म्हणूनही हो म्हणालो.

गणपती उठल्यावर निघालो. त्या दिवसांत बाजरी उभी असते, हेही बाईंनी शोधून ठेवलं होतं. दत्ता खूश होता. बाईंना त्याच्या गाडीत बसावंसं वाटलं याचंच त्याला अप्रूप. बाई पुढच्या सीटवर, मांडीवर शाळेचा जुना नकाशासंग्रह. मोबाईलमधली बाई सांगायची डावीकडे वळा, आमच्या बाई म्हणायच्या, "थांब रे, तिनं तपासलंय का?" गुजरातेत यामुळे आम्ही दोनदा चुकलो आणि दोन्ही वेळा बाईंनी मोबाईललाच बोल लावला. जेवायला त्यांच्या डब्यातल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी. धाब्यावर थांबायचं, पण फक्त पाणी घ्यायचं. दत्ता आणि मी तोंडाला पाणी सुटलेल्या अवस्थेत दुसऱ्यांच्या ताटांकडे बघत भाकरी मोडायचो. तिसऱ्या दिवशी मी बंड करून एक कचोरी खाल्ली. बाईंनी ती तळलेल्या तेलाचा रंग मला दाखवला आणि मी उरलेली अर्धी टाकून दिली.

राजस्थानची हद्द लागली, थोड्या वेळानं रस्त्याच्या कडेला बाजरी दिसली. मी ओरडलोच, "बाई, बाजरी! झालं काम!" बाई उतरल्या. पर्समधून चमचा काढून माती उकरली. बोटांत चोळून पाहिली. मग छत्रीनं पलीकडे दाखवलं. "तो कालवा दिसतो का? पाण्यावरची शेती ही. आणि माती बघा, गाळाची आहे. हे वाळवंट धरता येत नाही. चला."

पुढं तासाभरात दुसरं शेत. उतरल्या, चमचा, माती. विहिरीवर मोटार होती. बाद. तिसऱ्या शेतात वाळू होती, कालवा नव्हता, मोटार नव्हती. मला वाटलं आता सुटलो. बाईंनी नकाशा उघडला आणि म्हणाल्या, "इथं अजून पाऊस बरा पडतो. निमवाळवंटी प्रदेश. इथली बाजरी दाखवून मी त्यांच्यासमोर कशी उभी राहू?" मी गाडीतूनच म्हणालो, "बाई, आबांनी तरी चमचा लावून बघितलं होतं का हो?" पुढच्या शेताशी त्यांना उतरायला हात द्यायला मी गेलो, तर हात न घेता एकट्या उतरल्या. गुडघा धरून दोन मिनिटं दाराला टेकून उभ्या राहिल्या आणि मग शेताकडे गेल्या. मला माझीच लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखी चीड आली.

अशी आठ शेतं नापास झाली. दत्ता सारखा मला आरशातून बघायचा. चौथ्या दिवशी सकाळी चहाच्या टपरीवर बाजूला घेऊन म्हणाला, "सर, बाईंचं काय चाललंय? जमीन बिमीन घ्यायचीय का हितं?" मी म्हणालो, गाडी चालव.

बाडमेर मागं पडलं. आता खरोखर वाळवंट होतं. रस्त्यावर वाळू आलेली, दोन्ही बाजूंना टेकाडं, मध्येच एखादं काटेरी झाड, मैलोगणती माणूस नाही. पाटी दिसली, जैसलमेर शंभर किलोमीटर. मी केस विंचरले. आणि बाई म्हणाल्या, "दत्ता, थांब."

डाव्या हाताला एक टेकाड होतं आणि त्याच्या उतारावर, सरळ वाळूत, बाजरी उभी होती. विरळ होती, गुडघ्याच्या थोडी वर, पण कणसं भरलेली. एक म्हातारी कणसं खुडत होती. बाई वाळूत उतरल्या. पाय रुतत होते, छत्री रोवत रोवत वर गेल्या. चमच्याची गरजच नव्हती. त्यांनी म्हातारीला आपल्या हिंदीत विचारलं, "पानी किधर से देते?" म्हातारीला बहुतेक प्रश्नच विचित्र वाटला. तिनं बोट आभाळाकडे केलं. बाईंनी विचारलं, हर साल होता? म्हातारीनं हातानं सांगितलं, कधी होतं, कधी नाही. मग बाईंच्या घामाघूम तोंडाकडे बघून तिनं त्यांच्या हातात एक कणीस ठेवलं.

ते हातात घेऊनच बाईंनी दत्ताला वर बोलावलं. एकाहत्तर वर्षांच्या बाई, बेचाळीस वर्षांचा दत्ता, पण तो आला तो हात मागं बांधूनच.

"दत्ता, सातवीत तू लिहिलं होतंस. वाळवंटात बाजरी होते. मी तुला शून्य दिलं होतं."

"व्हय बाई."

"उत्तर बरोबर होतं. तीनपैकी तीन."

दत्ता खाली बघत पायानं वाळू सारखी करत राहिला. मग म्हणाला, "मला ठाऊक हाय, बाई."

"कसं?"

"लायसन मिळाल्यावर पयली लांबची ट्रिप घेतली, ती हिकडचीच घेतली की. जोधपूरची पार्टी हुती. त्यास्नी सोडून हिकडं येऊन बगून गेलो."

मी कपाळावर हात मारला. चार दिवस! आठ शेतं! ज्याला उत्तर माहीत होतं तो सोलापूरपासून आमची गाडी चालवत होता. मी तोंड उघडणार होतो, पण बाईंनी विचारलं, "का बघायला आला होतास? तुझ्या आबांनी सांगितलंच होतं की."

दत्ता म्हणाला, "तुमी चूक म्हणला हुता न्हवं, बाई. तवापासनं आबा काय बी सांगाय लागला की मला वाटायचं, फेकतोय. त्यो लई सांगायचा आदी. कुटं काय बगितलं, कसा रस्ता, कसली मानसं. मी उठून जायचो. मग त्यानं सांगायचंच सोडलं."

"बघून गेल्यावर सांगितलंस ना त्यांना? तुमचं खरं होतं म्हणून?"

"काय तोंडानं सांगू? आबा, तुज्यावर इस्वास न्हवता म्हणून बगाया गेलतो, असं?" दत्तानं मान हलवली. "आजपातूर न्हाय सांगितलं."

मी बाईंना तीस वर्षांहून जास्त ओळखत होतो, आणि त्यांच्याजवळ विचारायला काही उरलं नाही असं पहिल्यांदाच झालं. मला त्या क्षणी त्यांचा राग नव्हता. फार वाईट वाटत होतं. ते शून्य फक्त तीन मार्कांचं होतं असं आम्ही समजत होतो. खाली उतरताना त्यांनी माझा हात धरला. गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, "करकंबला चला."

मी म्हणालो, बाई, जैसलमेर शंभर किलोमीटर आहे. दीड-दोन तास. किल्ला बघून फिरू. त्या म्हणाल्या, "माने, ते पंच्याहत्तरीचे आहेत." दत्तानं गाडी वळवली. परतीच्या तीन दिवसांत बाईंनी एकदाही 'तपासलंय का?' म्हणून विचारलं नाही आणि धाब्यावर आम्ही दाल-बाटी खाल्ली तरी हरकत घेतली नाही. मला ती गोड लागली नाही.

टेंभुर्णीहून गाडी करकंबच्या रस्त्याला लागली तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. आबांचं घर गावाबाहेर उसाच्या शेताला लागून. अंगणात लिंबाखाली बाजेवर बसून ते दोरी वळत होते. वाळलेले, पण ताठ. बाईंना त्यांनी लगेच ओळखलं, दोरी बाजूला टाकून उठायला लागले. "बाई? तुमी हितं? बसा की, बसा. अगं, पानी आना."

बाई बसल्या नाहीत. छत्री दाराशी टेकवून ठेवली, पदर नीट केला, आणि बाजेसमोर उभ्या राहिल्या. दोन्ही हात सरळ खाली. आमच्या वर्गात मुलं उत्तर द्यायला उभी राहायची, तशा.

"बसत नाही. आधी ऐकून घ्या," बाई म्हणाल्या. आवाज चढा होता, शेजारच्या घरातल्या बाया बाहेर आल्या. "वाळवंटात बाजरी होते. वाळूत होते, पावसावर होते. मी बघून आले. तुम्ही खरं सांगत होता आणि मी तुम्हाला पोरांसमोर खोटं ठरवलं. ही एक चूक. तुम्हाला वाचता येतं का म्हणून विचारलं, ही दुसरी. ती पहिलीपेक्षा मोठी आहे."

आबा अर्धवट उठले होते, तसेच बाजेचा खूर धरून राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ द्या बाई, जुनं झालं. कुणीही तसंच म्हणालं असतं. त्यांनी बाईंकडे बघितलंच नाही. त्यांनी अंगणाच्या टोकाला गाडीची काच पुसत उभ्या असलेल्या दत्ताकडे बघितलं आणि हाक मारली.

"दत्त्या, ऐकलंस का रं, बाई काय म्हणत्यात?"

दत्ताच्या हातातलं फडकं थांबलं. "ऐकलं, आबा," तो म्हणाला.

"हिकडं यी मग. जवळ यिऊन ऐक."

दत्ता आला. आबा म्हणाले, "बाई, आता एकडाव पुन्ना सांगा." आणि बाईंनी, हात तसेच खाली ठेवून, पहिल्या शब्दापासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.